टायमिंग बेल्ट तुटायच्या आधीच बदला: कधी, कसा आणि सोबत काय काय

टायमिंग बेल्टचं सगळ्यात वाईट म्हणजे तो सांगून जात नाही. ब्रेक पॅड संपत आले की आवाज करतात, बॅटरी मरायला आली की सेल्फ जड फिरतो, टायर तर नुसता बघितला तरी कळतो, पण हा बेल्ट कव्हरच्या मागे बसलेला असतो आणि शेवटच्या मिनिटापर्यंत इंजिन एकदम व्यवस्थित चालत असतं, पिकअप चांगला, अॅव्हरेज चांगलं, कुठे काही आवाज नाही. मग चालत्या गाडीत तो तुटतो आणि इंजिन जागेवर बंद. तेव्हा नुसता बेल्ट टाकून भागत नाही, हेड (इंजिनाचा वरचा भाग) उतरवावं लागतं, व्हॉल्व्ह (हवा आत घेणाऱ्या आणि धूर बाहेर सोडणाऱ्या झडपा) वाकलेले असतात, कधी व्हॉल्व्ह गाइड फुटतात, कधी पिस्टनलाच खड्डे पडतात. म्हणून हे काम "काही झालं की बघू" मधलं नाही, किलोमीटर आणि तारीख बघून करायचं आहे.

असं का होतं ते आधी समजून घ्या, म्हणजे पुढे मी काही गोष्टींवर एवढा जोर का देतोय ते कळेल. क्रँकशाफ्ट पिस्टन वर-खाली करतो आणि कॅमशाफ्ट व्हॉल्व्ह उघडतो-मिटतो. क्रँकच्या दोन फेऱ्या झाल्या की कॅमची एक व्हायला पाहिजे, हा हिशोब टायमिंग बेल्ट सांभाळतो, म्हणूनच त्याला आतून दाते असतात, साधा बेल्ट घसरला असता. आता इंजिन ३००० आरपीएमवर असेल तर कॅम मिनिटाला १५०० फेऱ्या मारतो, म्हणजे प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडून मिटतो. बऱ्याच इंजिनांत, आणि डिझेलमध्ये तर जवळजवळ सगळ्याच, उघडा व्हॉल्व्ह आणि वर आलेला पिस्टन एकाच जागेत येतात, फक्त वेगवेगळ्या वेळेला. ह्याला इंटरफिअरन्स इंजिन म्हणतात. बेल्ट तुटला की कॅम थांबतो, काही व्हॉल्व्ह उघडे राहतात, आणि क्रँक अजून फिरतोच आहे कारण गाडी पळतेय. मग पिस्टन येऊन त्या व्हॉल्व्हवर आपटतो. नुकसान व्हायला एक सेकंदसुद्धा लागत नाही.

आधी हे बघा की तुमच्या गाडीत बेल्ट आहे की चेन. बरीच इंजिनं चेनवर चालतात आणि त्यांना असा ठरलेला बदल नसतो (चेनपण ताणते, पण तो वेगळा विषय). कव्हर प्लास्टिकचं आणि दोन-तीन तुकड्यांचं असेल तर बहुतेक बेल्ट, धातूचं आणि इंजिन ऑइल आत ठेवायला सील केलेलं असेल तर बहुतेक चेन. पण ह्या अंदाजावर थांबू नका, मॅन्युअलमध्ये बघा, कारण तिसरा प्रकारपण आहे, तेलात बुडून चालणारा बेल्ट. फोर्डच्या १.० लिटर इकोबूस्टमध्ये आणि प्यूजो-सिट्रोएनच्या १.२ प्युअरटेकमध्ये असा आलेला आहे. ह्यात चुकीच्या ग्रेडचं ऑइल टाकलं किंवा ऑइल बदलायला उशीर केला की बेल्टचं रबर फुगतं, त्याचे कण सुटतात आणि खाली ऑइल पंपाच्या जाळीत जाऊन अडकतात, मग ऑइलचं प्रेशरच पडतं. असा बेल्ट असेल तर ऑइल कंपनीने सांगितलेलंच टाका, त्यात तडजोड करू नका, आणि बेल्टचं काम हे इंजिन माहीत असलेल्या माणसाकडूनच करून घ्या. खाली जे सांगतोय ते नेहमीच्या कोरड्या बेल्टचं आहे.

कधी बदलायचा? मॅन्युअलमध्ये दोन आकडे असतात, किलोमीटर आणि वर्षं, आणि जो आधी येईल तो धरायचा. इंजिनाप्रमाणे फार फरक असतो, कुठे ६० हजार किलोमीटर, कुठे एक लाख, काही नव्या इंजिनांत त्याच्याही पुढे, आणि वर्षं साधारण पाच ते दहाच्या मधे. लोक किलोमीटर लक्षात ठेवतात आणि वर्षं विसरतात. गाडी कमी चालते म्हणून बेल्ट नवाच राहतो असं नसतं, रबर उभ्या गाडीतपण कडक होत जातं.

अजून एक हिशोब कोणी करत नाही. किलोमीटर सारखे असले तरी इंजिन किती तास चाललं ते सारखं नसतं. ६० हजार किलोमीटर हायवेला सरासरी ६० च्या वेगाने झाले तर इंजिन १००० तास चाललं, तेच ट्रॅफिकमध्ये सरासरी २० ने झाले तर ३००० तास. बेल्टला ओडोमीटर कळत नाही, त्याला फेऱ्या आणि गरमी कळते. म्हणून सिग्नलला तासन्‌तास उभी राहणारी, धुळीत फिरणारी, फार गरम हवेत चालणारी गाडी असेल तर मॅन्युअलमधला "कठीण वापर" वाला आकडा धरा, तो बहुतेक मॅन्युअलमध्ये वेगळा दिलेला असतो. टोयोटाच्या काही डिझेल गाड्यांत डॅशबोर्डवर टी-बेल्टचा दिवा येतो, पण तो दिवासुद्धा फक्त किलोमीटर मोजतो, बेल्टची तब्येत त्याला दिसत नाही. आणि बेल्ट बदलल्यावर तो रिसेट करायला विसरू नका, नाहीतर पुढचा हिशोब सगळा चुकतो.

सेकंडहँड गाडी घेतली आणि बेल्ट बदलल्याचं बिल नाही, तर बदललेला नाही असंच समजा. माझ्याकडे एक गाडी अशी आली होती, आधीचा मालक म्हणाला बेल्ट टाकलाय, बिल नव्हतं. मी कव्हर उघडलं तर बेल्ट खरंच नवा होता, छपाईसुद्धा पुसली नव्हती, पण आयडलर (बेल्टला दिशा देणारी मोकळी पुली) हाताने फिरवला तर आत वाळू भरल्यासारखा खरखर करत होता, बेअरिंगमधलं ग्रीस पूर्ण सुकलेलं, टेन्शनरपण (बेल्ट ताणून धरणारी पुली) मूळचाच. म्हणजे माणूस खोटं बोलत नव्हता, बेल्ट टाकलाच होता, पण तो बेअरिंग जाम झाला असता तर नवा बेल्टपण काही मिनिटांत गेला असता. तेव्हापासून "बेल्ट बदललाय का" असं मी विचारतच नाही, "किट बदललंय का", म्हणजे बेल्ट, टेन्शनर, आयडलर सगळं, असं विचारतो.

डोळ्याने बघून कळतं का, हा प्रश्न नेहमी येतो. थोडं कळतं. वरचं कव्हर दोन-तीन क्लिपवर असतं, काढून टॉर्च मारा, भेगा, कडेचे सुटलेले धागे, चकाकणारी पाठ, दात्यांच्या मुळाशी चिरा, तेलाचा किंवा कूलंटचा ओलावा, ह्यातलं एक जरी दिसलं तरी पुढचे किलोमीटर मोजत बसू नका. पण उलटं खरं नाही. जुने बेल्ट निओप्रीनचे असायचे, त्यांना भेगा पडायच्या आणि दिसायच्या. आताचे एचएनबीआर रबराचे असतात, आत काचेच्या तंतूंचे दोर, आणि ते आतून थकले तरी वरून चांगले दिसू शकतात. म्हणून "बघितला, चांगला आहे, अजून वर्षभर चालेल" हे वाक्य कोणी बोललं तर ऐकू नका. आणि हो, सकाळी स्टार्ट केल्यावर चीं असा जो आवाज येतो तो सहसा बाहेरच्या अल्टरनेटर-एसीच्या बेल्टचा असतो. टायमिंगच्या बाजूने इंजिनाच्या वेगाबरोबर वाढणारी घूं अशी आवाजाची रेघ आली तर मात्र टेन्शनर किंवा वॉटर पंपाचं बेअरिंग आहे, लगेच बघा.

आता सामान. बेल्ट, टेन्शनर, सगळे आयडलर, आणि वॉटर पंप ह्याच बेल्टवर फिरत असेल तर तोपण. पंप गळला नसला तरी बदला, कारण तिथपर्यंत पोचायलाच सगळी मेहनत असते, आणि पंप मधेच गळला तर कूलंट बेल्टवर पडतं, पुन्हा सगळं उघडावं लागतं, बेल्टपण पुन्हा नवा. क्रँकचं आणि कॅमचं ऑइल सील ओलं दिसलं तर तेही आताच. जे बोल्ट एकदाच वापरायचे असतात, म्हणजे घट्ट करताना ताणले जाणारे, ते नवे आणा, क्रँक पुलीचा बोल्ट बऱ्याच इंजिनांत असाच असतो. नवं कूलंट, पंपाचं गॅस्केट. किट घेताना चेसिस नंबर किंवा इंजिन कोड देऊनच घ्या, मॉडेलचं नाव पुरत नाही, एकाच गाडीत दोन-तीन इंजिनं येतात. नकली बेल्ट फार मिळतात, खोका बरोबर दिसला तरी बेल्टवरची छपाई, पार्ट नंबर, कडेची कटाई बघा, आणि ह्या एका वस्तूवर पैसे वाचवू नका.

स्वतः करायचं का? ज्यांनी आधी क्लच किंवा वॉटर पंप अशी कामं केली आहेत, ज्यांच्याकडे टॉर्क रेंच (ठरलेल्या जोराने आवळायचा पाना) आहे आणि त्या इंजिनाचं वर्कशॉप मॅन्युअल आहे, त्यांनी जरूर करा. ज्यांनी फक्त ऑइल बदललंय त्यांनी हे पहिलं काम म्हणून घेऊ नका, पण वाचा मात्र पूर्ण, कारण गॅरेजला काय विचारायचं ते कळेल. लॉकिंग टूल (क्रँक आणि कॅम जागेवर धरून ठेवणारं हत्यार) लागणार की नाही ते आधी बघा. पुष्कळ नव्या इंजिनांत क्रँकच्या किंवा कॅमच्या पुलीला चावीची (म्हणजे पुली शाफ्टवर फिरू न देणाऱ्या छोट्या तुकड्याची) खाच नसतेच, पुली फक्त बोल्टच्या दाबावर बसलेली असते, तिथे खुणा बघून काम होत नाही, टूल पाहिजेच. "पेनाने खूण करून बेल्ट सरकवला की झालं" हा सल्ला अशा इंजिनावर इंजिन घालवतो.

काम पूर्ण थंड इंजिनावर करायचं, रात्रभर उभी राहिलेली गाडी सगळ्यात बरी, कारण बेल्टचा ताण थंडच सेट करतात आणि गरम कूलंटची भीतीपण नाही. बॅटरीची निगेटिव्ह काढा. मागच्या चाकांना उटी (अडवायची पाचर) लावा, पुढे उचलून जॅक स्टँडवर ठेवा, नुसत्या जॅकवर ठेवलेल्या गाडीखाली हातसुद्धा घालू नका. त्या बाजूचं चाक आणि फेंडरच्या आतलं प्लास्टिक काढलं की क्रँक पुली दिसते. बाहेरचा बेल्ट काढा, त्याचा रस्ता आधी फोनवर फोटो काढून ठेवा. आडवं इंजिन असेल तर बहुतेक वेळा त्या बाजूचं इंजिन माउंटिंग सोडावं लागतं, म्हणून ऑइल पॅनखाली लाकडाचा ठोकळा ठेवून दुसऱ्या जॅकने इंजिनाला हलका आधार द्या, उचलायचं नाही, नुसता आधार.

क्रँक पुलीचा बोल्ट बेल्ट अजून वर असतानाच सैल करा. हा इंजिनातला एक सगळ्यात घट्ट बोल्ट असतो. पुली धरायचं टूल वापरा, किंवा मॅन्युअल गिअरची गाडी असेल तर मोठ्या गिअरमध्ये टाकून दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा. लॉकिंग पिन टाकून तिच्या जोरावर हा बोल्ट सोडवू नका, पिन फक्त जागा धरायला असते, जोर झेलायला नाही, तुटते किंवा कॅमला इजा करते. सेल्फ मारून पान्याच्या झटक्याने बोल्ट सोडवायची युक्ती पण नको, पाना निसटला तर हात जातो.

कव्हर काढलं की इंजिन टायमिंगच्या जागेवर आणा. बहुतेक इंजिनांत ती जागा म्हणजे पहिल्या सिलिंडरचा पिस्टन एकदम वर, कॉम्प्रेशनच्या स्ट्रोकवर, म्हणजे टीडीसी. क्रँकची खूण जुळली पण कॅमची उलट्या बाजूला दिसतेय, तर घाबरायचं कारण नाही, क्रँक अजून एक पूर्ण फेरी फिरवा, दोन्ही जुळतील. फिरवताना नेहमी इंजिन चालतं त्याच दिशेने, उलटं नाही. आणि मॅन्युअल बघूनच ठरवा, कारण सगळीकडे टीडीसी नसतं, सुबारूच्या ईजे इंजिनांत टायमिंगच्या खुणा जुळतात तेव्हा पिस्टन मधोमध असतात, तिथे कोणी टीडीसी शोधत बसला तर सगळंच चुकेल.

आता काही काढायच्या आधी फोटो, भरपूर, सगळ्या बाजूंनी. मग जुन्या बेल्टवर आणि पुल्यांवर पेंटने खुणा करा. लॉकिंग टूल लावा. टेन्शनर सैल करा, बेल्ट काढा. इथून पुढे क्रँक किंवा कॅम हलवायचा नाही, दोन कॅमच्या इंजिनात व्हॉल्व्ह स्प्रिंगच्या जोराने कॅम स्वतःच टणकन सरकू शकतो, म्हणून लॉक लागतं. जुना आणि नवा बेल्ट शेजारी ठेवून रुंदी, दात्यांचा आकार आणि दात्यांची संख्या जुळवा. मी संख्या मोजतोच, दहा मिनिटं जातात पण चुकीचा बेल्ट निघाला तर तो आता कळलेला बरा.

पंप बदलताना बसायची जागा पूर्ण साफ करा, जुन्या गॅस्केटचा कणसुद्धा राहू देऊ नका, खरवडताना अॅल्युमिनियमला ओरखडा पाडू नका. कूलंट काढलेलं भांडं उघडं ठेवू नका, ते चवीला गोड असतं आणि विषारी, कुत्रं-मांजर पिऊन मरतं. पुल्यांवर तेल-कूलंट असेल तर पुसून कोरडं करा. नवा बेल्ट दुमडायचा नाही, आतलं बाहेर करायचा नाही, तीक्ष्ण वळवायचा नाही, आतले काचेचे दोर मोडतात आणि वरून काही दिसत नाही. त्यावर स्प्रे, ग्रीस, तेल काहीही नको. बसत नाही म्हणून स्क्रू ड्रायव्हरने ढकलायचा पण नाही, बसत नसेल तर टेन्शनर पूर्ण सैल नाही किंवा कॅम थोडा सरकलाय.

बेल्टवर बाण असेल तर तो फिरण्याच्या दिशेने. क्रँकपासून सुरू करा आणि ज्या बाजूला टेन्शनर नाही ती बाजू पूर्ण ताणलेली ठेवत कॅमवर जा, मग बाकीच्या पुल्या, टेन्शनर सगळ्यात शेवटी, म्हणजे जो काही सैलपणा आहे तो सगळा टेन्शनरच्या बाजूला येतो. टेन्शनरच्या मागचा काटा त्याच्या खाचेत बसला ना ते हात लावून बघा, ही चूक फार होते. सुई असलेला टेन्शनर मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या दिशेने फिरवून सुई खाचेसमोर आणतात. हायड्रॉलिक असेल तर तो व्हाइसमध्ये अगदी हळूहळू दाबून पिन लावायची आणि बेल्ट बसल्यावर पिन ओढायची. अंगठ्याने दाबून "बरोबर वाटतोय" असा ताण ठरवू नका, जास्त घट्ट झाला तर पंपाचं बेअरिंग खातो, सैल राहिला तर दाता सोडतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. लॉकिंग टूल सगळी काढा, आणि क्रँक हाताने, पान्याने, दोन पूर्ण फेऱ्या फिरवा, हळू. स्पार्क प्लग काढलेले असतील तर हलकं फिरतं आणि हाताला सगळं कळतं. कुठे कडक अडलं तर तिथेच थांबा, जोर लावू नका, तो व्हॉल्व्ह पिस्टनला लागत असू शकतो आणि हाताच्या वेगात अजून काही वाकलेलं नाही. अडलं नाही तर दोन फेऱ्यांनंतर सगळ्या खुणा पुन्हा जुळल्या पाहिजेत, टूल पुन्हा सहज आत गेलं पाहिजे, टेन्शनरची सुई जागेवर पाहिजे. मी पहिल्यांदा हे काम केलं तेव्हा बसवताना सगळं बरोबर दिसत होतं, फेऱ्यांनंतर एक्झॉस्टचा कॅम एक दाता पुढे निघाला, कारण मी बेल्ट चढवताना वरची बाजू थोडी सैल सोडली होती. काढून परत बसवला, पुन्हा दोन फेऱ्या, मग जुळलं. ते न करता चावी फिरवली असती तर काय झालं असतं त्याचा विचारसुद्धा नको. एक मात्र लक्षात ठेवा, नव्या बेल्टवर छापलेल्या रेघा फेऱ्यांनंतर पुल्यांच्या खुणांवर येणार नाहीत, कारण बेल्टची लांबी वेगळी, त्या रेघा फक्त पहिल्यांदा बसवायला असतात. बघायच्या त्या पुल्यांच्या आणि इंजिनावरच्या खुणा.

सगळं जुळलं की टॉर्क रेंचने मॅन्युअलच्या आकड्याप्रमाणे आवळा. क्रँक बोल्टला बहुतेक वेळा आधी टॉर्क आणि नंतर अंशांत फिरवणं असतं, जसं की अजून ९० अंश, ते मोजूनच करा. इम्पॅक्ट गनने घट्ट करू नका. खालची-वरची कव्हरं सगळ्या बोल्टसकट लावा, दोन बोल्ट उरले तर शोधा कुठले, कारण फटीतून खडा आत गेला आणि बेल्टखाली आला तर दाता उडतो. माउंटिंग, बाहेरचा बेल्ट, चाक. कूलंट भरताना मिक्स नसेल तर डिस्टिल्ड पाण्यात सांगितलेल्या प्रमाणात, हीटर पूर्ण गरमवर ठेवून, हवा काढायचा स्क्रू असेल तर तो उघडून.

स्टार्ट केल्यावर कान तिथेच ठेवा. घूं असा शिट्टीसारखा आवाज म्हणजे ताण जास्त, फटफट म्हणजे सैल, दोन्हीत लगेच बंद. आयडल हलतंय, ओढ कमी, चेक इंजिनचा दिवा, आणि स्कॅनरवर पी-००१६ सारखा क्रँक-कॅम जुळत नसल्याचा कोड आला तर टायमिंग एखाद्या दात्याने चुकलंय, गाडी चालवून बघू नका, उघडा. सगळं शांत असेल तर फॅन सुरू होईपर्यंत चालू ठेवा, पंपाखाली ओलं होतंय का बघा, दुसऱ्या दिवशी थंड असताना कूलंटची पातळी पुन्हा बघा, हवा निघाल्यावर ती थोडी खाली जातेच.

आणि ज्यांचा बेल्ट रस्त्यात तुटलाच त्यांच्यासाठी: इंजिन बंद पडलं की स्टिअरिंग जड होतं आणि ब्रेकचा बूस्टर दोन-तीन वेळाच साथ देतो, म्हणून ब्रेक पंप करत बसू नका, एकदाच नीट दाबून बाजूला घ्या. मग सेल्फ पुन्हा मारून बघायचा नाही, धक्का स्टार्ट तर अजिबात नाही. सेल्फ नेहमीपेक्षा हलका आणि भरभर फिरतोय, काही पकडतच नाही असा आवाज आला असेल तर बेल्ट गेलाय, आता प्रत्येक प्रयत्नाला अजून एखादा व्हॉल्व्ह वाकतो. टो करून न्या, न्यूट्रलमध्ये.

काम झाल्यावर तारीख आणि किलोमीटर लिहून चिठ्ठी बॉनेटच्या आत चिकटवा, बिल आणि किटच्या खोक्यावरचा नंबर सर्व्हिस बुकात ठेवा, पुढच्या मालकाला तुमच्यासारखं अंदाज लावत बसायला नको. जुना बेल्ट कात्रीने कापूनच टाका, चांगला दिसतोय म्हणून कोणी तो दुसऱ्या गाडीत चढवायला नको.